एका शब्दावरून अडलं आणि जगदीशचंद्र बोस यांचा शोधनिबंध दप्तरात पडून राहिला

झाडांनाही संवेदना असतात असं सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून जगदीशचंद्र बोस शाळेपासून सगळ्यांना माहीत असतात. पण ते मूळचे फिजिक्सवाले. १८५८ साली जन्मलेले बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे आणि रेडिओ लहरींवर संशोधन करायचे.

तर झालं असं की, लहरी पकडणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की मंद पडायचं आणि विश्रांती दिली की पुन्हा नीट चालायचं. थकलेल्या स्नायूचंही असंच होतं. मग बोसांनी धातू, झाडं आणि स्नायू यांना उत्तेजन देऊन विजेचे आलेख काढले. त्यांत बरंच साम्य दिसलं.

१९०१ मध्ये त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडलं. समोर होते शरीरक्रियाशास्त्रातलं मोठं नाव, बर्डन-सँडरसन. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमधले विजेचे संकेत त्यांनी १८७३ मध्येच मोजले होते. पण साध्या झाडांतही असं घडतं, हे त्यांना पटेना. शिवाय शीर्षकातला 'रिस्पॉन्स' हा शब्द त्यांना खटकला.

बोसांच्या लेखी 'रिस्पॉन्स' म्हणजे आलेखावर मोजता येणारा बदल. शरीरक्रियाशास्त्रात मात्र तो जिवंत पेशींचा गुणधर्म. त्याऐवजी 'रिॲक्शन' लिहा, असं सुचवलं गेलं. बोसांनी नकार दिला. निबंध छापला गेला नाही, सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला.

पुढच्याच वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत वनस्पतीशास्त्रज्ञांनी बोसांचं काम स्वीकारलं. वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफही बोसांनी बनवला. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट काढली. तिथे फिजिक्स आणि जीवशास्त्र एकाच छताखाली आलं. १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं.

पण गैरसमजाला बोसांचाही हातभार लागला. झाडांबद्दल लिहिताना ते 'मज्जातंतू'सारखे प्राण्यांचे शब्द वापरायचे. त्यामुळे अनेक जीवशास्त्रज्ञ त्यांच्या मोजमापांकडेही संशयाने बघू लागले.

१९३७ मध्ये बोस गेले. झाडांमध्ये विजेचे संकेत धावतात, हे आज विज्ञानाला मान्य आहे. झाडांना मज्जातंतू नसतात, हेही मान्य आहे. म्हणजे बोसांचे आलेख टिकले, वाद झाला तो त्यांना दिलेल्या नावांवरून.