अंगणात नेलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी काढताना त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने मानली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह गुराखी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरविली. साधनांचा खर्च असा मिटला. शिक्षिकेच्या वेतनाचा प्रश्न मात्र शिंपल्यांनी सुटणारा नव्हता! १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी.