तुरुंगात गेलेला पुस्तकविक्रेता

थॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक महात्मा जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास वाचले, ही गोष्ट चळवळीतल्या कार्यकर्त्याला सांगावी लागत नाही. पण हे पुस्तक लंडनमध्ये सर्वप्रथम कोणी छापून घेतले? आणि छापून तयार झाल्यावर त्याच माणसाने ते विकण्यास नकार का दिला? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. लेखकाचे नाव इतिहासात राहते. पुस्तक छापणारा, विकणारा, त्यात पैसा घालणारा आणि वेळ आली तर त्यापायी शिक्षा भोगणारा मात्र विस्मृतीत जातो. अशाच एका माणसाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवायचे आहे. त्याचे नाव जोसेफ जॉन्सन.

जॉन्सनचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी लिव्हरपूलजवळच्या एव्हर्टन या गावी झाला. घर बाप्टिस्ट पंथाचे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये या एका गोष्टीने माणसाच्या आयुष्याची मर्यादा ठरत होती. जे ख्रिस्ती लोक सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंड मानत नसत त्यांना डिसेंटर म्हणत. १६६१ आणि १६७३ च्या कायद्यांनी त्यांना सरकारी पदे आणि नगरपालिकांची सत्ता नाकारली होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांना प्रवेशच नव्हता. केंब्रिजमध्ये शिकता येई, पण पदवी मिळत नसे. येशूचे ईश्वरत्व न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाची स्थिती तर याहून वाईट होती. धर्मसहिष्णुतेचा कायदा त्यांना लागूच नव्हता, आणि १८१३ पर्यंत त्यांचे मत उघडपणे मांडणे हा कायद्याने गुन्हा होता. या लोकांची तुलना आपल्याकडील अस्पृश्यतेशी करता येणार नाही, आणि कोणी करूही नये. त्यांच्याकडे व्यापार होता, पैसा होता, स्वतःच्या शाळा होत्या, पाण्यावर हक्क होता. पण धर्मसत्ता आणि राजसत्ता एकत्र आल्या म्हणजे शिक्षणाचे आणि अधिकाराचे दरवाजे जन्मावरून कसे बंद होतात, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच छापलेले पुस्तक हे त्यांचे विद्यापीठ झाले.

१७५४ साली जॉन्सन लंडनला आला आणि एका पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागला. तेव्हा पुस्तकविक्रेता म्हणजे केवळ दुकानदार नव्हे. तोच लेखकाकडून हस्तलिखित घेई, कागदाचे व छपाईचे पैसे भरी आणि आपल्या दुकानातून पुस्तक विकी. उमेदवारी संपल्यावर १७६१ च्या सुमारास त्याने स्वतःचा धंदा सुरू केला. १७७० च्या जानेवारीत दुकानाला आग लागली आणि सारा माल जळून खाक झाला. मित्रांनी पैसे उभे केले, आणि त्याच वर्षी सेंट पॉल चर्चयार्डमध्ये ७२ क्रमांकाच्या घरात त्याने पुन्हा दुकान मांडले. पुढली जवळजवळ चाळीस वर्षे, मरेपर्यंत, हाच त्याचा पत्ता राहिला.

या दुकानातून काय बाहेर पडले? प्राणवायूचा शोध लावणाऱ्यांपैकी एक असलेले शास्त्रज्ञ आणि युनिटेरियन धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली यांची बहुतेक पुस्तके जॉन्सनने काढली. वैद्यकावरची पुस्तके काढली, जॉन हंटर यांचे दातांवरचे पुस्तक त्यांपैकीच. विल्यम कूपर यांची कविता आणि इरॅस्मस डार्विन यांचे वनस्पतींवरचे काव्यही त्याचेच. ॲना बार्बोल्ड या लेखिकेचे लहान मुलांसाठीचे पहिले वाचनपाठ त्याने मोठ्या अक्षरांत, भरपूर समास सोडून छापले, कारण ते वाचणारे मूल दोन-तीन वर्षांचे होते. त्याच बार्बोल्डबाईंनी १७९० मध्ये डिसेंटरांवरील बंधनांच्या बाजूने मत देणाऱ्या संसदेला सुनावणारी पुस्तिका लिहिली, तीही जॉन्सननेच काढली. भपकेदार बांधणीच्या महागड्या ग्रंथांपेक्षा साधी, परवडणारी आवृत्ती त्याला पसंत होती. ज्ञान पोचवायचे असेल तर किमतीचा विचार आधी करावा लागतो, हे त्याला कळत होते.

गुलामगिरीच्या प्रश्नावरही त्याची बाजू ठरलेली होती. एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेल्या आणि पुढे धर्मोपदेशक झालेल्या जॉन न्यूटन यांनी १७८८ साली त्या व्यापाराविरुद्ध आपली साक्ष लिहिली. ती छापणाऱ्यांत जॉन्सन होता. १७८९ साली ओलाउडा इक्विआनो या आफ्रिकन माणसाने आपले आत्मचरित्र स्वतः प्रसिद्ध केले. जो स्वतः गुलाम होता, ज्याने पैसे साठवून आपले स्वातंत्र्य विकत घेतले, त्यानेच आपली कहाणी सांगितली. ती जिथे मिळत असे त्या दुकानांची नावे पुस्तकावर छापली होती, आणि त्यांत सेंट पॉल चर्चयार्डच्या जॉन्सनचे नाव होते.

जॉन्सनचे सर्वांत मोठे काम मात्र एका स्त्रीच्या संदर्भात आहे. १७८७ साली मेरी वोल्स्टनक्राफ्ट ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या घरातली शिक्षिकेची नोकरी सुटल्यावर लंडनला आली. हातात पैसा नाही, पाठीशी घर नाही, भावंडांची जबाबदारी मात्र अंगावर. त्या काळी अशा स्त्रीपुढे लग्न, शिक्षिका किंवा श्रीमंत बाईची सोबतीण एवढेच मार्ग होते. जॉन्सनने तिचे मुलींच्या शिक्षणावरचे पहिले पुस्तक दहा गिनी देऊन आधीच घेतले होते. आता त्याने तिला राहायला घर पाहून दिले, भाषांतराचे काम दिले, आणि १७८८ साली थॉमस ख्रिस्ती यांच्यासह सुरू केलेल्या ‘ॲनालिटिकल रिव्ह्यू’ या मासिकात परीक्षणे लिहायला बसवले. ही भीक नव्हती, कामाचा मोबदला होता. इक्विआनोच्या आत्मचरित्राचे या मासिकातले परीक्षण तिनेच लिहिले असे अभ्यासक मानतात.

१७९० च्या नोव्हेंबरमध्ये एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर हल्ला चढवणारे पुस्तक लिहिले. राजा, सरदार आणि धर्मगुरू यांची जुनी व्यवस्था टिकली पाहिजे, असा त्यांचा दावा होता. मेरीने ताबडतोब उत्तर लिहायला घेतले. ती लिहीत जाई आणि जॉन्सन लगोलग पाने छापून घेई. अर्ध्या वाटेत तिचा धीर खचला. आता पुढे लिहवत नाही, असे सांगायला ती त्याच्याकडे गेली. जॉन्सन रागावला नाही. लिहिणे जड जात असेल तर छापलेली पाने आपण आनंदाने फेकून देऊ, एवढेच तो म्हणाला. समजूत घालणारे चार शब्द ऐकायला आलेल्या मेरीला हे लागले. ती घरी गेली आणि तिने पुस्तक पुरे केले. दोनच वर्षांनी, १७९२ साली, स्त्रियांच्या हक्कांवरचा तिचा तो प्रसिद्ध ग्रंथ याच दुकानातून बाहेर पडला. स्त्री ही बुद्धीने पुरुषाहून कमी नाही, तिला कमी ठेवले गेले आहे, हा त्याचा गाभा होता.

दुकानाच्या वर एक वेड्यावाकड्या आकाराची खोली होती. तिथे आठवड्यातून एकदा जेवण असे. पदार्थ साधे, उकडलेला मासा, मांस, भाज्या आणि तांदळाची खीर. भिंतीवर चित्रकार हेन्री फ्युझेली यांचे ‘नाइटमेअर’ हे भयानक चित्र टांगलेले. जेवायला कधी प्रीस्टली, कधी पेन, कधी मेरी. ताम्रपटावर चित्रे कोरणारा गरीब कारागीर विल्यम ब्लेक याला जॉन्सन काम देत असे. ज्या देशात अशा लोकांना विद्यापीठात बसायला जागा नव्हती, तिथे या जेवणाच्या टेबलाची किंमत काय असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

आता पेन यांच्या पुस्तकाकडे वळू. बर्कला उत्तर म्हणून लिहिलेला ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग जॉन्सनने छापून घेतला. फेब्रुवारी १७९१ मध्ये तो विक्रीस यायचा होता. काही प्रती बाहेरही गेल्या होत्या. आणि ऐनवेळी जॉन्सनने माघार घेतली. शेवटी फ्लीट स्ट्रीटवरच्या जॉर्डन या विक्रेत्याने मार्चमध्ये तो प्रसिद्ध केला. जॉन्सन भ्याला, हे मान्य केले पाहिजे. आपल्या माणसांची चरित्रे लिहिताना अशी पाने झाकण्याची वाईट सवय आपल्याला आहे. ती सोडली पाहिजे.

पण तो कशाला भ्याला? त्याची भीती काल्पनिक नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये बर्मिंगहॅमला राजा आणि धर्म यांच्या नावाने घोषणा देणाऱ्या जमावाने प्रीस्टली यांचे घर, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा जाळली. १७९४ साली ते देश सोडून अमेरिकेला गेले. पेन यांच्या पुस्तकाचा पहिला भाग तीन शिलिंगांना मिळे, म्हणजे तो मजुराच्या आवाक्याबाहेर होता. पुढे सहा पेन्सची स्वस्त आवृत्ती निघाली आणि ती कामगारांच्या हाती गेली, तेव्हा सरकार खवळले. १७९२ च्या डिसेंबरमध्ये पेन यांच्यावर त्यांच्या गैरहजेरीत खटला चालला. ते फ्रान्सला निघून गेले होते. विक्रेते मात्र पळून जाऊ शकत नव्हते. त्यांचे दुकान, नाव आणि पत्ता पुस्तकावरच छापलेला असे. रिजवे आणि सायमंड्स या विक्रेत्यांना हे पुस्तक विकल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात जावे लागले. विचाराचा पुरवठा तोडायचा असेल तर लेखकापेक्षा विक्रेत्याला पकडणे सोपे, हे सत्तेला पक्के ठाऊक होते.

अखेर जॉन्सनचीही पाळी आली. १७९८ साली लँडाफचे बिशप रिचर्ड वॉटसन यांनी फ्रान्सविरुद्धच्या युद्धाला आणि त्यासाठीच्या करांना पाठिंबा देणारे पत्रक काढले. गिल्बर्ट वेकफिल्ड या विद्वानाने त्याला उत्तर लिहिले. फ्रेंच सैन्य आले तरी इंग्लंडच्या गरिबाचे काय बिघडणार, असा त्याचा सवाल होता. त्यासाठी त्याने जुनी गाढवाची गोष्ट सांगितली. शत्रू येतो आहे, पळ, असे मालक ओरडतो, तेव्हा गाढव विचारते की, नवा मालक माझ्या पाठीवर दुप्पट ओझे लादणार आहे का? नसेल, तर मालक कोण याने मला काय फरक पडतो? सरकारला ही गोष्ट झोंबली. लेखकावर खटला झाला, आणि पुस्तिका विकणाऱ्या जॉन्सन, जॉर्डन व कथेल या तिघांवरही झाला.

एक वकील म्हणून मला या खटल्यातली गोम महत्त्वाची वाटते. जॉन्सनने ती पुस्तिका लिहिली नव्हती. त्याच्या दुकानात तिच्या प्रती विकल्या गेल्या, एवढाच त्याचा गुन्हा. १७९२ च्या फॉक्स यांच्या कायद्याने मजकूर राजद्रोही आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्युरीला दिला होता. कागदावर हा मोठा सुधार होता. पण अशा खटल्यात सरकार खास ज्युरी मागू शके, आणि खास ज्युरी म्हणजे मालमत्ताधारक, प्रतिष्ठित लोक. गाढवाच्या गोष्टीचा न्याय मालकांनीच करायचा! थॉमस अर्स्किन यांच्यासारखा त्या काळातला नामांकित वकील उभा असूनही जुलै १७९८ मध्ये लॉर्ड केन्यन यांच्यापुढे जॉन्सन दोषी ठरला. फेब्रुवारी १७९९ मध्ये शिक्षा झाली ती सहा महिने कैद, पन्नास पौंड दंड आणि तीन वर्षे चांगल्या वर्तनाची हमी. वेकफिल्डला दोन वर्षे कैद झाली. सुटल्यावर काही महिन्यांतच, १८०१ साली, तो मरण पावला.

साठीतला, दम्याने त्रासलेला जॉन्सन किंग्ज बेंच तुरुंगात गेला. पैसे भरणाऱ्या कैद्याला तिथे वेगळे घर भाड्याने मिळे. तसे घर त्याने घेतले, आणि आठवड्याचे जेवण तिथेही चालू ठेवले. गरीब कैद्याला अशी सोय नव्हती, हेही विसरता कामा नये. ‘ॲनालिटिकल रिव्ह्यू’ मात्र वाचले नाही. दुसऱ्यांनी ते काही महिने चालवून पाहिले, पण १७९९ मध्ये ते बंद पडले. सुटल्यावर जॉन्सन अधिक सावध झाला, तरी दुकान बंद केले नाही. २० डिसेंबर १८०९ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या दोन वर्षे आधी ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला होता. डिसेंटरांवरील बंधनांचे कायदे रद्द झालेले पाहायला तो राहिला नाही. ते १८२८ साली घडले.

जॉन्सन क्रांतिकारक होता का? नव्हता. गरिबांना मदत देण्याविरुद्ध लिहिणाऱ्या माल्थस यांचा लोकसंख्येवरचा निबंधही १७९८ साली त्यानेच छापला. तो व्यापारी होता, सावध होता, एकदा तर उघड कचरलाही. पण ज्यांना प्रस्थापित व्यवस्थेने दार लावले त्यांना त्याने चाळीस वर्षे दार उघडे ठेवले. एका क्षणाचे धैर्य सर्वांना दिसते. रोज सकाळी दुकान उघडण्याचे धैर्य कोणाच्या नजरेत भरत नाही. चळवळ मात्र याच दुसऱ्या धैर्यावर उभी राहते.

राजद्रोही लेखनाचा तो गुन्हा इंग्लंडने २००९ साली कायद्यातून काढून टाकला. त्याच इंग्रजांनी १८७० साली आपल्या दंडसंहितेत घातलेले १२४ अ हे कलम २०२४ पर्यंत राहिले, आणि गेले तेव्हा त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे १५२ वे कलम येऊन बसले. कलमाचा क्रमांक बदलतो, पुस्तकावर छापलेला पत्ता शोधणारी नजर बदलत नाही.

लंडनहून निघालेला पेन यांचा विचार अर्ध्या शतकाने पुण्यातल्या एका वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती पडला, आणि त्यातून इथल्या बहुजनांच्या इतिहासाला वळण मिळाले. मध्ये किती छापणारे, विकणारे, गठ्ठे वाहणारे हात होते, त्यांची यादी कोणाकडेही नाही. म्हणून पुस्तक हाती घेताना लेखकाच्या नावाबरोबर खालची बारीक अक्षरातली ओळही वाचा. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, विक्रेता कोण. आणि पुस्तक उधार न नेता विकत घ्या. तुरुंगात जाण्याची तयारी ठेवणाऱ्या दुकानाला निदान गिऱ्हाईक तरी मिळाले पाहिजे.