पाचशे मीटरची रेषा: इंदिरा गांधी आणि किनाऱ्याचे रक्षण

चेन्नईच्या बेझंट नगरपासून दक्षिणेला नीलांगरईपर्यंतच्या किनाऱ्यावर जानेवारी ते मार्च या काळात मध्यरात्रीनंतर काही तरुण वाळू न्याहाळत चालताना दिसतात. समुद्रातून वर आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या पावलांचा माग ते शोधत असतात. कोकणात तुपळी या नावाने ओळखले जाणारे हे कासव भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून शंभराहून अधिक अंडी घालते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. त्याला मोकळी, अंधारी वाळू लागते, आणि महानगराच्या काठावर नेमकी तीच सर्वांत दुर्मीळ असते.

ही वाळू मोकळी ठेवणे हे शासनाचे काम आहे, हा विचार भारतात रुजला त्यामागे १९८१ साली लिहिलेले एक पत्र आहे. ते लिहिणाऱ्या श्रीमती इंदिरा गांधी यांचे नाव बांगलादेश युद्ध, बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि आणीबाणी यांच्याशी जोडले जाते. समुद्रकिनाऱ्याशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही.

पत्रांतून झालेली ओळख

इंदिरा गांधी यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ रोजी अलाहाबाद येथे झाला. त्या दहा वर्षांच्या असताना, १९२८ च्या उन्हाळ्यात, मसुरीला राहत होत्या. वडील पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्या काळात अलाहाबादहून त्यांना पृथ्वीचा जन्म, जीवसृष्टीचा आरंभ आणि मानवाची वाटचाल समजावून सांगणारी पत्रे लिहिली. पुढे ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दगडधोंडे, झाडे आणि प्राणी हेही वाचावयाचे ग्रंथच आहेत, ही शिकवण मुलीच्या मनात तेव्हापासून राहिली.

१९३० च्या दशकाच्या आरंभी आई-वडील वारंवार तुरुंगात असताना त्या पुण्याच्या प्युपिल्स ओन स्कूल या शाळेत शिकल्या. त्यानंतर काही काळ शांतिनिकेतनात होत्या. पक्ष्यांची गोडी लागली ती वडिलांनी तुरुंगातून पाठवलेल्या डॉ. सालिम अली यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकामुळे. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत पक्षिनिरीक्षकांचे मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्यांनी त्यात उत्साहाने भाग घेतला.

कायद्यांचे दशक

२४ जानेवारी १९६६ रोजी त्या पंतप्रधान झाल्या. १९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची सर्वसाधारण सभा दिल्लीत भरली आणि वाघांच्या घटत्या संख्येकडे देशाचे लक्ष वेधले गेले. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान वगळता तेथे उपस्थित राहिलेल्या त्या एकमेव शासनप्रमुख होत्या. गरीब देशांचे दारिद्र्य आणि पर्यावरणाचा ऱ्हास यांचा विचार एकत्रच करावा लागेल, अशी भूमिका त्यांनी तेथे मांडली.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वन्यजीव हा तेव्हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने, काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केल्यानंतरच संसदेला हा कायदा करता आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प, १९७४ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आणि १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७७ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, स्थान मिळाले.

या कालखंडाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पर्यावरण आणि वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरवणारी कलमे राज्यघटनेत आली ती १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. आणीबाणीत झालेली ही दुरुस्ती न्यायालयांचे अधिकार संकुचित करणारी म्हणून आजही टीकेस पात्र ठरते. निसर्गाला घटनेत जागा आणि नागरिकाच्या हक्कांवर मर्यादा, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावरून आल्या.

नोव्हेंबर १९८१ चे पत्र

१९७७ च्या पराभवानंतर १९८० साली त्या पुन्हा सत्तेवर आल्या. त्याच वर्षी वन संवर्धन कायदा झाला आणि केंद्रात स्वतंत्र पर्यावरण विभाग स्थापन झाला. तरीही किनाऱ्यासाठी कोणताही वेगळा नियम नव्हता. हॉटेले, कारखाने, वाळूउपसा आणि शहरांचे सांडपाणी यांचा भार समुद्रकाठावर वाढत होता.

२७ नोव्हेंबर १९८१ रोजी श्रीमती गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवले. किनाऱ्यांच्या दुरवस्थेबद्दल त्यांनी चिंता व्यक्त केली. किनारे केवळ शोभेसाठी नसून त्यांना पर्यावरणाच्या दृष्टीनेही मोल आहे, याची आठवण दिली, आणि कमाल भरतीच्या पाण्यापासून किमान पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा सर्व प्रकारच्या कामांपासून मुक्त ठेवावा, असे कळवले. जेथे किनाऱ्याची धूप होते तेथे झाडे लावावीत आणि कारखान्यांचे व शहरांचे दूषित पाणी समुद्रात सोडणे थांबवावे, अशीही त्यांची अपेक्षा होती.

त्या वेळी तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन आणि महाराष्ट्रात अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. जमीन राज्यांच्या ताब्यात होती आणि किनाऱ्यावरील जमिनीचे भाव वाढत होते. पंतप्रधानांच्या शब्दाचा मान राखणे एवढाच त्याचा आधार होता.

मद्रासची वाळू

तेव्हाच्या मद्रासमध्ये किनाऱ्यावरील वन्यजीवांसाठी पत्रापूर्वीच काम सुरू झाले होते. १९७० च्या दशकात मद्रास सर्पोद्यानाशी संबंधित तरुणांनी रात्रीच्या फेऱ्या काढून कासवांची अंडी सुरक्षित जागी हलवण्यास आरंभ केला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही या कामात उतरले. १९८० च्या दशकात राज्याच्या वनविभागाने किनाऱ्यावर अंडी उबवण्याची केंद्रे चालवली. ती बंद पडू लागली, तेव्हा १९८८ साली शहरातील विद्यार्थ्यांनी स्वतःचे मंडळ स्थापन करून हे काम हाती घेतले आणि पिढ्यानुपिढ्या चालू ठेवले.

कासवांचा खरा शत्रू मात्र वाळूवर नव्हे, पाण्यात होता. निर्यातीसाठी कोळंबी मिळावी म्हणून शासनानेच अनेक वर्षे यांत्रिक ट्रॉलरना प्रोत्साहन दिले होते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घेण्यासाठी वर येता येत नाही आणि ते गुदमरून मरते. याच ट्रॉलरमुळे कट्टुमरमवर मासेमारी करणाऱ्यांची जाळी फाटत आणि त्यांच्या वाट्याची मासळी घटत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या किनाऱ्यावर या दोन गटांत हिंसक संघर्ष झाले. त्यानंतर १९८३ साली तमिळनाडूने सागरी मासेमारी नियमन कायदा केला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवला. कासवाला लागणारे पाणी आणि लहान मच्छीमाराला लागणारे पाणी एकच होते, हे त्यातून दिसून आले.

ओरिसातील गहिरमाथा येथे तर कासवे हजारोंच्या संख्येने पकडून कोलकात्याच्या बाजारात नेली जात. १९८० च्या दशकाच्या आरंभी श्रीमती गांधी यांच्या शासनाने तेथील रक्षणासाठी तटरक्षक दलाची मदत दिली. सागरी सीमांचे रक्षण करणारे दल कासवांसाठीही गस्त घालू लागले आणि ती प्रथा पुढेही चालू राहिली.

पत्राचा नियम झाला

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी श्रीमती गांधी यांची हत्या झाली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्याचा त्यांचा निर्णय त्यानंतर पूर्णत्वास गेला. किनाऱ्याला मात्र आणखी काही वर्षे थांबावे लागले. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. पत्रातील पाचशे मीटरची रेषा दहा वर्षांनी कायद्यात उतरली.

उतरताना तिचे रूप बदलले. खारफुटी आणि समुद्री जीवांच्या प्रजननाच्या जागांना सर्वाधिक संरक्षण मिळाले. ज्या शहरांची वाढ किनाऱ्यापर्यंत झालीच होती, तेथे अस्तित्वातील रस्त्यांच्या व इमारतींच्या जमिनीकडील बाजूस बांधकामाला वाव राहिला. चेन्नईचा मोठा भाग याच वर्गात आला. पिढ्यानुपिढ्या वाळूलगत राहणाऱ्या मच्छीमारांच्या कुप्पमना, म्हणजे कोळीवाड्यांना, वगळून रेषा आखणे अन्यायाचे ठरले असते. त्यांच्या घरांचा प्रश्न पत्रात नव्हता, नियमांना तो टाळता आला नाही.

नियमाची खरी परीक्षा न्यायालयात झाली. तमिळनाडूतील सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निर्णय दिला आणि किनारी क्षेत्रातील व्यापारी कोळंबी शेती हटवण्याचा आदेश दिला. विनंतीवजा पत्राने जे साधले नसते, ते अधिसूचनेने साधले.

त्यानंतर २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागातील बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला. घरांची गरज आणि पर्यटन अशी कारणे त्यासाठी देण्यात आली. धूप आणि वादळे वाढत असताना सवलत कशासाठी, असा पर्यावरण अभ्यासकांचा आक्षेप होता.

मागे काय उरले

किनाऱ्यासाठी शासनाचे साहाय्य आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. महाराष्ट्राने २०१२ साली खारफुटीसाठी वनविभागात स्वतंत्र कक्ष स्थापन केला. २०२२ साली चेन्नईतील पळ्ळिकरणै पाणथळ जागेला रामसर दर्जा मिळाला आणि तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात समुद्रगाईंसाठी देशातील पहिले राखीव क्षेत्र घोषित केले. २०२३ साली केंद्राने खारफुटी लागवडीची मिष्टी योजना सुरू केली. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून चाललेले कासव संवर्धन गावकऱ्यांच्या सहभागामुळे टिकले.

तरीही जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई आणि लगतच्या किनाऱ्यावर एक हजाराहून अधिक ऑलिव्ह रिडले कासवे मृतावस्थेत वाहून आली. ट्रॉलरची जाळी हेच मुख्य कारण मानले गेले आणि राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून त्याची दखल घेतली. नियम होते, त्यांची अंमलबजावणी अपुरी पडली.

इंदिरा गांधी यांच्या कार्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही यात दिसतात. देशाचा कारभार पाहताना त्यांना वाळूच्या एका पट्ट्याची आठवण राहिली आणि त्या आठवणीतून पुढे कायदा घडला. परंतु एका व्यक्तीच्या आस्थेवर उभे असलेले संरक्षण तिच्यामागे टिकत नाही. त्याला नियम लागतो, नियमाला पहारा लागतो, आणि पहाऱ्याला किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांची साथ लागते. बेझंट नगरच्या वाळूवर रात्री चालणारे तरुण आणि कट्टुमरम ढकलत पहाटे समुद्रात जाणारे मच्छीमार यांच्या हाती आज ती रेषा आहे.