इतिहासाचार्य राजवाडे आणि न थांबणारा फाईल सर्व्हर

मी बदलापूरजवळच्या शिरगावचा. मागे घरच्या फाईल सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळला आणि घरातल्या कुणाच्याच फोनवर फोटो उघडेनात. सगळं त्या एकाच मशीनवर! तेव्हा मला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आठवले.

मराठ्यांच्या इतिहासाचे कागद घरोघरी माळ्यावर पडलेले. वाळवी लागली की संपलं, दुसरी प्रत नाही. राजवाडे गावोगाव फिरले, कागद मिळवले, नकलून घेतले. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड निघाले. एका घरातला कागद अनेकांच्या कपाटात पोचला. हे झालं रेप्लिकेशन.

पण प्रत असणं वेगळं आणि काम चालू राहणं वेगळं. 1910 मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. स्वभाव तापट. पुढे मतभेद झाले, ते धुळ्याला गेले. मंडळ मात्र थांबलं नाही. 31 डिसेंबर 1926 ला राजवाडे वारले. 1927 मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. माणूस गेला, काम चालू.

क्लस्टरही असाच. दोन सर्व्हर, दोन्हींवर तोच डेटा, बाहेर एकच आयपी पत्ता. एक पडला की पत्ता दुसऱ्याकडे जातो. फक्त पहिला खरंच बंद झालाय याची आधी खात्री हवी, गरज पडली तर त्याची वीज तोडून. नाहीतर दोघंही लिहीत बसतात आणि फाईली बिघडतात.

काल मी दुसरं मशीन जोडलं आणि पहिल्याची वायर मुद्दाम उपटली. क्षणभर फोन अडकला, मग फोटो उघडले.