होंडासाहेब आणि ओहायोचा कारखाना

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये होंडा नाव मिरवणाऱ्या गाड्या मोजायला बसलात तर जेवणाची वेळ टळेल. पण होंडा हे आधी एका माणसाचं आडनाव होतं, हे किती जणांना माहीत आहे?

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या शिझुओका भागातल्या एका खेड्यातला. वडील लोहार. पोराचं शाळेत लक्ष नाही, सगळं लक्ष यंत्रात. १९२२ साली टोकियोच्या एका गॅरेजमध्ये तो कामाला लागला, तर सुरुवातीला त्याच्याकडे काम आलं मालकाचं मूल सांभाळायचं! तरी तो टिकला, आणि १९२८ मध्ये हामामात्सुला त्याच गॅरेजची शाखा चालवू लागला.

पुढे तिशीत होंडासाहेबांनी पिस्टन रिंग बनवायला घेतली, आणि काही केल्या जमेना. रिंगच्या धातूत सिलिकॉन कमी पडतंय, हे एका प्राध्यापकांनी दाखवून दिलं. झालं, साहेब टेक्निकल कॉलेजात पोरांबरोबर जाऊन बसले. हवं तेवढंच ऐकायचं, परीक्षेला बसायचं नाही. (हा मार्ग आपल्याकडे कुणी वापरू नये, एटीकेटी ठरलेली!) टोयोटाकडे तपासायला दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. चिकाटीने त्यांनी तेही जमवलं, पण युद्ध आणि १९४५ चा भूकंप यात कारखान्याची वाट लागली. उरलंसुरलं टोयोटालाच विकून टाकलं.

युद्धानंतर सैन्याची छोटी इंजिनं पडून होती. ती त्यांनी सायकलींना बसवली, आणि १९४८ साली होंडा कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री त्यांनी बघायची, इंजिन साहेबांनी.

कार मात्र १९६३ साली, म्हणजे उशिराच आली. तोवर जपानचं मार्केट टोयोटा आणि निस्सानच्या ताब्यात. म्हणून होंडाची नजर बाहेर होती. जिथे गिऱ्हाईक तिथेच कारखाना, हे कंपनीचं धोरण. त्याच १९६३ मध्ये बेल्जियममध्ये मोपेडचा कारखाना काढला. तो बरीच वर्षं तोट्यात चालला, पण बंद केला नाही. परक्या देशात कारखाना कसा चालतो ते तिथेच शिकायला मिळालं.

१९७३ साली होंडासाहेब आणि फुजिसावा दोघं एकदमच निवृत्त झाले. त्यामुळे अमेरिकेतल्या कारखान्याचा निर्णय त्यांचा म्हणता येणार नाही. तो घेतला त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कियोशी कावाशिमा यांनी. पण धोरण साहेबांचंच.

कारखाना बाहेर नेला म्हणजे स्वस्त मजूर शोधला, असं आपण धरूनच चालतो. इथे उलटं होतं. अमेरिकन कामगाराचा पगार जपानपेक्षा जास्त होता. शिवाय जपानी गाडीचा दर्जा जपानी हातांमुळेच आहे, असं मानणारे कमी नव्हते. ओहायोतली गाडी खराब निघाली असती तर कंपनीचं नाव मातीत गेलं असतं. म्हणून आधी मेरीसव्हिलला मोटरसायकलचा कारखाना काढला, १९७९ मध्ये, अवघ्या ६४ कामगारांवर. तो चालतोय असं दिसल्यावर १९८० च्या जानेवारीत कारचा कारखाना जाहीर केला. पुढे १९८१ साली अमेरिकेच्या दबावाखाली जपानने कारच्या निर्यातीवर मर्यादा घातली, तेव्हा होंडाचं काम कधीच सुरू झालेलं! १ नोव्हेंबर १९८२ ला पहिली अकॉर्ड बाहेर पडली.

मॅनेजर असो की वेल्डर, कपडे सगळ्यांचे सारखेच पांढरे, आणि कॅन्टीनही एकच. मला तर हेच खरं इंजिनिअरिंग वाटतं. नुसती मशिन्स उचलून नेली असती तर ती गाडी जमली नसती.

१९८४ च्या सुमारास हाच विचार भारतात आला. एकीकडे हीरो होंडा, दुसरीकडे आपल्या पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा. आणि १९८८ साली तर ओहायोत बनलेली अकॉर्ड कूपे चक्क जपानला विकायला गेली. दुसऱ्या वर्षी अकॉर्ड अमेरिकेत सर्वात जास्त खपणारी कार ठरली.

होंडासाहेबांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नका, असं ते आधीच बजावून गेले होते. कारण काय, तर रस्त्यावर ट्रॅफिक जाम होईल!