मेरी कार्पेंटर : मुलांना तुरुंगात धाडू नका म्हणणारी शिक्षिका

१८४६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात, लुइन्स मीड या दरिद्री वस्तीत एक शाळा उघडली. ‘रॅगेड स्कूल’ म्हणजे फाटक्या कपड्यांच्या मुलांची शाळा. पहिल्या दिवशी वीसेक मुले गोळा झाली आणि दुपारी त्यांतील एकाने मारामारीचा पुकारा करताच सगळा वर्ग हातघाईवर आला. शाळा चालवू पाहणाऱ्या मेरी कार्पेंटर तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी शाळा बंद केली नाही.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी एक्झेटर येथे झाला. वडील लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि नावाजलेले शिक्षक. मुलींना भरतकाम आणि थोडेफार संगीत शिकवण्याच्या त्या काळात मेरी मात्र वडिलांच्या शाळेत मुलग्यांच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक आणि गणित शिकल्या. १८३३ साली दोन पाहुणे ब्रिस्टलला आले आणि मेरींच्या आयुष्याच्या दोन दिशा त्याच वर्षी ठरल्या. पहिले राजा राममोहन रॉय. ते कार्पेंटर कुटुंबाच्या सहवासात राहिले आणि २७ सप्टेंबरला त्याच शहरात वारले. दुसरे बॉस्टनचे जोसेफ टकरमन. त्यांच्यासोबत गरीब वस्तीतून जात असताना एक फाटका पोरगा समोरून पळत गेला. या मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत कुणीतरी गेले पाहिजे, असे टकरमन सहज बोलून गेले. ते बोलणे मेरींच्या मनात रुतून बसले. १८४० साली वडील इटलीच्या किनाऱ्यालगत आगबोटीतून समुद्रात पडून मरण पावले. त्या दुःखातून सावरताना त्यांनी स्वतःला कामात झोकून दिले.

शाळेत येणारी मुले मधूनच नाहीशी होत. काही दिवसांनी कळे, की मुलगा तुरुंगात आहे. पाव किंवा रुमाल चोरल्याबद्दल आठ-दहा वर्षांची पोरे सराईत गुन्हेगारांच्या संगतीत कोंडली जात आणि चोरीचे पक्के शिक्षण घेऊनच बाहेर पडत. मुलांसाठी वेगळा तुरुंग १८३८ पासून आइल ऑफ वाइटवरील पार्कहर्स्ट येथे होता. पण तिथेही सुरुवातीला मुलांच्या पायांत बेड्या असत. वेगळा असला तरी तो तुरुंगच, आणि तुरुंगात मूल सुधारत नाही, असे मेरींनी १८५१ च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडले. त्यांच्या मते मुलाचा गुन्हा हा बहुतेकदा पालकांच्या आणि समाजाच्या हयगयीचा परिणाम होता. म्हणून त्यांनी तीन प्रकारच्या शाळा सुचवल्या: ज्यांना कुठलीच शाळा घेत नाही त्यांच्यासाठी मोफत दिवसशाळा, रस्त्यावर भटकणाऱ्यांसाठी जेवण आणि हातकाम देणारी उद्योगशाळा, आणि ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला आहे त्यांच्यासाठी सुधारशाळा.

त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे या प्रश्नावर परिषद भरली. तिची जुळवाजुळव बरीचशी मेरींची. परंतु बाईने भरसभेत बोलणे तेव्हा अनुचित मानले जाई आणि खुद्द मेरींनाही ते पटत नसे. त्या तिथे गप्प बसल्या. पुढच्या वर्षी मात्र संसदीय समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि नंतरच्या काळात व्यासपीठांवरून पुष्कळ बोलल्या.

१८५२ मध्ये किंग्जवूड येथे सुधारशाळा सुरू झाली. तेथील मुलींना वेगळी जागा हवी म्हणून कवी बायरन यांच्या पत्नी लेडी बायरन यांनी ब्रिस्टलमधील ‘रेड लॉज’ हा सोळाव्या शतकातील वाडा विकत घेऊन दिला आणि १८५४ पासून मुलींची सुधारशाळा तिथे भरू लागली. स्वयंपाक, धुणे, शिवण, धडे आणि खेळ असा दिनक्रम. थोरल्या मुली शेजारच्या लहान घरात राहून संसाराची कामे शिकत. सारे सुरळीत चालले असे नाही. मुली पळून जात, त्यांना परत आणावे लागे. तरी मायेने जिंकल्याशिवाय मूल बदलत नाही, हा मेरींचा आग्रह सुटला नाही.

१८५४ च्या कायद्याने सुधारशाळांना मान्यता मिळाली. सोळा वर्षांखालील अपराध्याला दोन ते पाच वर्षे तिथे ठेवता येऊ लागले. विजयाचाच क्षण म्हणायचा. पण कायद्यात एक अट होती. सुधारशाळेत पाठवण्याआधी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत. केलेल्या कृत्याची किंमत आधी मोजावी, मग सुधारणा, असे मानणाऱ्या वजनदार मंडळींच्या आग्रहातून ती आली होती. मेरी या अटीविरुद्ध अखेरपर्यंत झगडल्या.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने बोलतानाही झाकता येत नाही. तुरुंगात काही आठवड्यांत सुटले असते असे मूल सुधारशाळेत काही वर्षे अडकू लागले. दार उघडे असलेली दिवसशाळा ही मेरींची सर्वांत सौम्य कल्पना, आणि तिच्याकडे सरकारने सर्वांत उशिरा लक्ष दिले. दिवसा चालणाऱ्या उद्योगशाळांना कायद्यात जागा मिळाली ती १८७६ साली.

राममोहन रॉय यांच्या आठवणीने त्यांना हिंदुस्थानकडे ओढले. १८६६ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्या मुंबईत उतरल्या. अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता अशा त्या फिरल्या. मुलींच्या शाळा पाहिल्या आणि तुरुंगही पाहिले. मुंबईत अशा मुलांसाठी डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था १८५७ पासून होती. पण देशभरासाठी तशी व्यवस्था नव्हती. स्त्रीशिक्षण, तुरुंग आणि सुधारशाळा या विषयांवर त्यांनी सरकारला निवेदने दिली. पुढे आणखी तीन वेळा त्या आल्या. शेवटच्या, १८७५-७६ च्या फेरीत मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणारी मुले पाहून त्यांनी कामाच्या तासांवर मर्यादा मागितली. १८७६ मध्येच हिंदुस्थानचा पहिला सुधारशाळा कायदा झाला. त्यात मुलग्यांना दोन ते सात वर्षे ठेवण्याची तरतूद होती. इंग्लंडपेक्षाही दोन वर्षे अधिक.

गिरण्यांबाबतचा कायदा १८८१ साली आला. तो पाहायला त्या नव्हत्या. १४ जून १८७७ च्या रात्री झोपेतच त्यांचे निधन झाले. ब्रिस्टलच्या ज्या आर्नोस वेल दफनभूमीत राममोहन रॉय यांची समाधी आहे, तिथेच त्यांना मूठमाती देण्यात आली. सुधारशाळेआधीच्या तुरुंगवासाची अट १८९३ मध्ये ऐच्छिक झाली आणि १८९९ मध्ये, मेरींच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, कायद्यातून निघाली.