कसौलीचे गणिती वैद्य

एकेकाळी उत्तर हिंदुस्थानात पिसाळलेला कुत्रा चावला की रोग्याला घेऊन कसौलीची वाट धरावी लागे. तेथील पाश्चर संस्था १९०० साली स्थापन झाली. १९१४ ते १९२० या काळात तिचे संचालक असलेले अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे मात्र श्वानदंशावरील उपचारांपेक्षा गणितामुळे अधिक स्मरणात राहिले.

त्यांचा जन्म १८७६ साली एडिंबरो येथे झाला. वडील ग्लासगो विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. तेथेच वैद्यकाची पदवी घेऊन ते हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १९०१ साली रोनाल्ड रॉस यांच्यासमवेत हिवतापाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला जाण्याचा योग आला. रोगाचा प्रसार समीकरणात मांडता येतो, ही रॉस यांची धारणा त्यांच्या मनात कायमची रुजली.

१९११ साली, म्हणजे आपल्या लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले त्याच वर्षी, मॅकेंड्रिक आणि त्यांचे हिंदी सहकारी एम. केशव पै यांनी सूक्ष्मजंतूंच्या वाढीवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा एक जंतू आठ तासांत १ कोटी ६७ लाखांवर पोचतो. चक्रवाढ व्याज शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्याला हे कळेल. पण प्रत्यक्षात तसे फार काळ चालत नाही, कारण अन्न संपत जाते. म्हणून या दोघांनी अवकल समीकरण असे मांडले, की क्षणाक्षणाची वाढ ही त्या वेळची जंतुसंख्या आणि शिल्लक अन्न यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वाढ आरंभी संथ असते, मध्यावर सर्वाधिक वेग घेते आणि अखेरीस स्थिरावते. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ साली मानवी लोकसंख्येसाठी हेच सूत्र दिले होते. पण ते विस्मृतीत गेले होते. अमेरिकेत पर्ल व रीड यांनी ते पुन्हा मांडले ते १९२० साली. पुढे कीर्ती त्यांच्याकडे गेली, पै यांचे नाव तर क्वचितच घेतले जाते. मला हे अन्यायाचे वाटते.

प्रकृती ढासळल्याने १९२० साली मॅकेंड्रिक मायदेशी परतले व एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांना विल्यम केरमॅक हे तरुण रसायनशास्त्रज्ञ सहकारी म्हणून लाभले. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात केरमॅक यांची दृष्टी गेली, तरी दोघांचे संशोधन थांबले नाही. १९२७ साली त्यांनी साथीच्या रोगांचा प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. जंतूंच्या बाबतीत जसे अन्न संपते, तसे साथीत रोग होऊ शकणारे लोक कमी होत जातात आणि सर्वांना लागण होण्याआधीच साथ ओसरू शकते. अलीकडच्या महासाथीत वर्तमानपत्रांतून आपण जे चढउतारांचे आलेख पाहत होतो, त्यांचे मूळ येथे आहे.

सिद्धान्ताच्या पडताळ्यासाठी त्यांनी निवडली ती मुंबईतील प्लेगची आकडेवारी : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. आलेखाच्या शिखरावर आठवड्याला सुमारे ९०० मृत्यू आहेत. प्लेग उंदीर व पिसवांमुळे पसरत असल्याने आपले समीकरण तेथे काटेकोरपणे लागू होत नाही, हे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. तरीही वक्र आणि नोंदी जवळजवळ जुळल्या. मॅकेंड्रिक १९४३ साली निवर्तले. मुंबईच्या त्या आठ महिन्यांचा आलेख मात्र आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापला जातो.